थंड, कोरडी हवा आणि माणसाचे सुख

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात असा प्रश्न येण्याचा संभव आहे की, घाटकोपरसारख्या दमट उपनगरात बारा महिने घाम पुसणाऱ्या मनुष्याने थंड, कोरड्या उंच प्रदेशांच्या हवेची उठाठेव कशासाठी करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु वैशाख लागला की आपलीच मंडळी बिऱ्हाड पाठीला मारून महाबळेश्वर, पाचगणी गाठतात, आणि अलीकडच्या काळात तर लेह-लडाखला जाऊन आला नाही असा सुखवस्तू मराठी कुटुंबाचा गोतावळा सापडणे कठीण झाले आहे. आपण ज्या हवेच्या शोधात जातो ती हवा आता बदलू लागली आहे. तिच्यात जन्म काढणाऱ्या लोकांच्या सुखदुःखावर या पालटाचा काय परिणाम होतो, हे समजून घेणे आपले कर्तव्य ठरते, कारण त्या सुखाचे आपणही थोडेफार वाटेकरी आहोत.

‘सुख’ हा शब्द मी येथे वेदान्ती अर्थाने वापरीत नाही. अंगाला हवा मानवणे, न हुडहुडी भरता व न जीव घाबरा होता दिवसाचे काम करता येणे, रात्री स्वस्थ झोप लागणे, एवढाच त्याचा अर्थ मी धरतो. हे सुख उष्णतामापकातील पाऱ्याच्या उंचीवरच अवलंबून असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे, हे प्रथम दाखविले पाहिजे.

मनुष्याचे शरीर ही एक अहोरात्र पेटलेली शेगडी आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. पूर्वीचा तारेचा शंभर वॅटचा दिवा जितकी ऊर्जा खात असे, तितकीच ही होय. निर्माण होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बसला, तर शरीराच्या आतील उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास टिकून राहते व आपणांस बरे वाटते. उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा चार. थंड वस्तूच्या स्पर्शाने ती जाते, वाहत्या हवेबरोबर जाते, किरणांच्या रूपाने भोवतालच्या भिंतींकडे व आकाशाकडे जाते, आणि चौथी वाट घाम वाळण्याची. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता काढून नेतो. ही चौथी वाट मोकळी राहणार की तुंबणार, हे हवेतील बाष्पावर ठरते.

या गोष्टीचा दाखला आपल्या माजघरातच आहे. नागपूरकडे ऐन उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडले की खोली गार होते, आणि माठातले पाणी दाताला झोंबते. तोच माठ घाटकोपरला श्रावणात ठेवून पाहा, पाणी जेमतेम निवते. शाळेत प्राकृतिक भूगोल शिकविताना मी दोन उष्णतामापके शेजारीशेजारी टांगून त्यांपैकी एकाच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळीत असे. पावसाळ्यात दोहोंमधील अंतर एखाददुसऱ्या अंशाचे असे. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की तेच सात-आठ अंशांवर जाई. मुलांना यातून एक गोष्ट पटे की, हवा किती तापली आहे याइतकेच ती किती तहानलेली आहे हेही महत्त्वाचे आहे.

आता थंड हवेची तहान कशी असते ती पाहू. एक घनमीटर हवेत ३० अंश उष्णतामानावर अधिकात अधिक सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांवर १७ ग्रॅम. शून्य अंशावर पाच ग्रॅमहून थोडे कमी. आणि उणे १० अंशांवर सव्वादोन-अडीच ग्रॅम. ढोबळ मानाने दर अंशामागे ही धारणाशक्ती शेकडा सातने वाढते. कल्पना करा की, बाहेर उणे १० अंशांची हवा आहे आणि तिची बाष्पधारणा शेकडा ६० भरलेली आहे, म्हणजे तिच्यात घनमीटरमागे सुमारे १.४ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा दाराच्या फटीतून खोलीत आली आणि शेगडीने २० अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यात १७ ग्रॅम मावण्याची सोय झाली, परंतु बाष्प मात्र तेच १.४ ग्रॅम राहिले. म्हणजे आर्द्रता शेकडा आठवर आली! वैशाखाच्या दुपारी वाळवंटात असते तितकी, किंबहुना कित्येकदा त्याहूनही अधिक कोरडी हवा हिमप्रदेशातील ऊबदार खोलीत असते. म्हणूनच तेथे ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, नाकाची त्वचा फुटून रक्त येते, आणि पहाटे घशाला कोरड पडून जाग येते. आपल्याकडे देशावर थंडीच्या दिवसांत भेगांना आमसुलाचे तेल लावण्याची चाल आहे. लडाखात जर्दाळूच्या बियांचे तेल लावतात. दोन्ही उपायांमागील शहाणपण एकच.

यात उंचीची भर पडली की आणखी काही चमत्कार घडतात. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब आपल्याकडील दाबाच्या दोनतृतीयांशाहूनही किंचित कमी भरतो, आणि दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो. पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. हवा विरळ व निरभ्र असल्याने सूर्याचे किरण फारसे न गाळले जाता अंगावर येतात, आणि सूर्य मावळताच जमिनीतील ऊब तितक्याच सहजपणे आकाशात निघून जाते. उन्हात बसून पाय सावलीत ठेवले तर डोक्याला ऊन लागते आणि पायाला हिमदंश होतो, असे लडाखविषयी गमतीने म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे. पण ऊन आणि सावली यांतील तफावतीचे वर्म तीत बरोबर सापडले आहे.

आपल्या महाराष्ट्रात असा प्रदेश नाही. तथापि कोरड्या उंच हवेचा आरोग्याशी संबंध आहे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून महाबळेश्वरी वसाहत स्थापिली. ते ठिकाण १,३७२ मीटर उंचीवर असल्यामुळे कोकणपट्टीपेक्षा आठ-नऊ अंशांनी थंड असते. परंतु पावसाळ्यात तेथे राहणे दुरापास्त. तेथून अवघ्या अठरा-एकोणीस किलोमीटरांवरील पाचगणी सह्याद्रीच्या कण्याच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत येते, आणि तेथील पाऊस महाबळेश्वरच्या सुमारे एकतृतीयांश असतो. एवढ्याशा अंतराने हवेचा गुण पालटतो. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचगणीची वसाहत आकारास आणली, आणि १९१२ साली डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तेथे क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ आरोग्यभवन काढले, ते याच कोरड्या हवेच्या भरवशावर. पुढे स्ट्रेप्टोमायसीन व त्यानंतरची औषधे आली आणि क्षयाचा जंतू हवेने मरत नाही हे सर्वमान्य झाले. तरी मोकळी, कोरडी हवा खाऊन रोग्याला भूक लागते, झोप लागते, हा अनुभव खोटा नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. ज्याला खरोखर थंड, कोरडे पठार म्हणता येईल असा आपल्या देशातील प्रदेश म्हणजे लडाख. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे तेथील लोकसंख्या २,७४,२८९ होती. लेह येथे सबंध वर्षात पाऊस व बर्फ मिळून सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. २६ जुलै २००५ या दिवशी आपल्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे श्रोत्यांच्या स्मरणात असेलच. त्या एका दिवसाचे पाणी लेहला नऊ वर्षे पुरले असते!

अशा ठिकाणी माणसाने सुखाने कसे राहावे, याचा अभ्यास तेथील लोकांनी शतकानुशतके केला आहे. त्यांची घरे उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांची, जाड भिंतींची असतात. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिऊन घेते आणि रात्री सावकाश परत देते. उत्तरेकडे खिडक्या नाहीत म्हटल्या तरी चालेल. दक्षिणेकडे मात्र काचेची खोली, जिला ते शेलखांग म्हणतात. तळमजल्यावर गुरे, वर माणसे. गुरांची ऊब फुकट मिळते. हिवाळ्यात सारे कुटुंब एका स्वयंपाकघरात चुलीभोवती राहते, म्हणजे तापवावयाची जागा थोडी. छपरे सपाट असतात. पॉपलर वृक्षाचे वासे, त्यांवर विलोच्या काड्या, वर गवत आणि माती. आपल्या कोकणातील उतरत्या कौलारू छपराच्या अगदी उलट हा प्रकार. पाऊसच नसेल तर उतार कशाला? अंगात गोंचा नावाचा लोकरी पायघोळ अंगरखा, आणि पोटात लोणी व मीठ घातलेला चहा. त्या चहातील स्निग्धांश शरीराच्या शेगडीला जळण पुरवतो, आणि त्यातील पाणी कोरड्या हवेने श्वासावाटे चोरून नेलेल्या ओलाव्याची भरपाई करते.

ही सारी व्यवस्था एका ठरावीक हवामानाशी केलेला करार आहे. हवामान करार मोडू लागले की काय होते, हे आता पाहावयाचे.

हवामान बदलत आहे याची साक्ष देण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासून पुणे हे या शास्त्राचे आपल्याकडील एक माहेरघर आहे. तेथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला एक सविस्तर अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी उष्णतामान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हिंदुकुश-हिमालयाच्या प्रदेशात मात्र १९५१ ते २०१४ या त्याहून पुष्कळच अल्प अवधीत सुमारे १.३ अंशांची वाढ झाली. याची जी कारणे सांगतात, त्यांतील एक आपल्या नित्याच्या अनुभवातले आहे. पांढरे धोतर नेसून उन्हात उभे राहणाऱ्यापेक्षा काळा कोट घातलेल्यास अधिक उकडते. ताजे बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी शेकडा ८० हून अधिक प्रकाश परत फेकते. ते वितळून खालची काळी माती उघडी पडली, किंवा चुलींच्या व डिझेलच्या काजळीने ते मळले, की तोच डोंगर ऊन पिऊ लागतो, अधिक तापतो, आणि उरलेले बर्फही वितळवितो.

येथे एक आक्षेप साहजिकपणे निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जो प्रदेश हाडे गोठविणाऱ्या थंडीने गांजलेला आहे, तो एक-दोन अंशांनी तापला तर बिघडले काय? उलट तेथील लोकांना बरेच वाटेल! या म्हणण्यात तथ्य आहे. तिबेटच्या पठारावरील नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनी कडक थंडीचे दिवस घटत असून अंगाला सुसह्य वाटणारे दिवस वाढत असल्याचे दाखविले आहे. जळण थोडे कमी लागते, पिकांचा हंगाम काही दिवसांनी लांबतो, पूर्वी न होणारा भाजीपाला अधिक उंचीवर होऊ लागतो. म्हाताऱ्या माणसाला माघातील रात्र दोन अंशांनी सौम्य मिळाली, तर तिला दोष देणारा मी कोण? जमेच्या बाजूला ही रक्कम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

परंतु वही उलटून खर्चाची बाजू पाहिली म्हणजे निराळेच चित्र दिसते.

पहिला खर्च पाण्याचा. लडाखची शेती पावसावर नाही, बर्फावर चालते. पेरणी चैत्र-वैशाखात व्हावयास हवी, आणि त्या वेळी उंचावरील हिमनद्या अजून गोठलेल्या असतात. म्हणून गावाजवळच्या खालच्या उतारांवरील हिवाळी बर्फाचे पाणी हाच त्या दिवसांचा आधार. बर्फ कमी पडले अथवा लवकर वितळून वाहून गेले, तर ऐन पेरणीला पाट कोरडे राहतात. झंस्कार खोऱ्यातील कुमिक हे पुरातन गाव याच संकटात सापडले. ओढा आटत गेला, आणि अखेरीस तेथील लोकांना आपली घरे व शेते सोडून खाली नदीकाठच्या नव्या जागी वस्ती हलविण्याचा निर्णय घ्यावा लागला. श्रोतेहो, दोन अंशांची ऊब मिळाली, पण गावच सोडावे लागले, तर त्या ऊबेला सुख म्हणावयाचे काय?

सर्वच हिमनद्या सारख्या वेगाने आटत आहेत असे मात्र समजू नये. काराकोरमच्या अत्युच्च भागात हिवाळ्यातील बर्फवृष्टी वाढल्याने तेथील हिमनद्या पुष्कळशा टिकून राहिल्याचे वर उल्लेखिलेल्या पुण्याच्या अहवालातच नमूद आहे. पण गावकऱ्यांचे ओढे बहुधा लहान लहान हिमनद्यांवर व हंगामी बर्फावर पोसलेले असतात, आणि लहान पुंजी आधी संपते, हा संसारातला नियम येथेही लागू पडतो. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशाच्या उंच, कोरड्या पठारालगत चाकालताया नावाची हिमनदी होती. तिच्यावर लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळत. २००९ साली ती नाहीशी झाली.

दुसरा खर्च घरांचा. मातीचे सपाट छप्पर कोरड्या हिमाला पुरून उरते. बर्फ फावड्याने लोटून दिले की झाले. पाऊस मात्र त्याला सोसवत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये, ५ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास लेहजवळ ढगफुटी झाली आणि चिखलाच्या लोंढ्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. एवढा अनर्थ दरसाल होत नाही, आणि एखाद्या घटनेचे खापर सर्वस्वी हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु उष्ण हवेत बाष्प अधिक मावते, आणि त्यामुळे कोसळणाऱ्या सरींचा जोर वाढतो, हे तत्त्व मघाच्या हिशेबावरून उघड आहे. मुसळधार पावसाच्या भीतीने लोक मातीच्या घरांऐवजी सिमेंट-काँक्रीटची घरे बांधू लागले आहेत. पावसापासून संरक्षण मिळाले. पण काँक्रीटची पातळ भिंत मातीच्या जाड भिंतीपेक्षा उष्णता फार लवकर बाहेर घालविते. त्यामुळे पौषात तेच घर बर्फाच्या पेटीसारखे होते, बुखारी अधिक पेटवावी लागते, खोलीतील हवा अधिक शुष्क होते, धूर वाढतो, आणि त्या धुराची काजळी पुन्हा बर्फावर जाऊन बसते. एका अडचणीवरचा उतारा दुसरी अडचण कशी जन्मास घालतो, याचा याहून स्पष्ट नमुना सापडणे कठीण.

तिसरा खर्च कोरडेपणाचाच. हवा तापली आणि तीत भर घालण्यास जवळपास पाणी नसले, तर तिची तहान वाढते, हे आपण पाहिलेच. पाटातील पाणी, शेतातील ओल आणि माणसाच्या नाकातोंडातील ओलावा या सर्वांवर ती आपला हक्क सांगते. बर्फाचे पांघरूण लवकर गेले की मोकळ्या मातीवरून वारा धूळ उडवितो, आणि शुष्क झालेल्या घशाला धुळीचा त्रास अधिक. उन्हाळ्यातील दुपार तर आता लेहलाही भाजू लागली आहे. २०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस उष्णतामान इतके चढले की लेहची कित्येक विमाने रद्द करावी लागली. उंचीमुळे आधीच विरळ असलेली हवा तापून आणखी विरळ होते आणि विमानाला उचलून धरण्याचे तिचे बळ कमी पडते. थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी उकाड्याने विमाने अडावी, ही गोष्ट वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर आपण हसलो असतो.

चौथा खर्च आकड्यांत मांडता येत नाही. हवा ही सवयीची गोष्ट आहे. झंस्कारची नदी हिवाळ्यात गोठली की तिच्या पाठीवरून चालत लोक बाजाराला व मुलांना शाळेला नेत. त्या वाटेला चादर म्हणतात. ती चादर पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. कोणत्या महिन्यात काय करावे याचे जे ज्ञान आजोबा नातवाला देत होता, ते कालबाह्य होऊ लागले की माणसाच्या मनाला एक अस्थिरता येते. अंगाला हवा सौम्य लागूनही जीव स्वस्थ नसणे, ही अवस्था उष्णतामापकात दिसत नाही.

असे असले तरी लडाखी लोक हात जोडून बसलेले नाहीत, आणि त्यांचे उपाय शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात घालण्याजोगे आहेत. चेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्यांनी १९८० च्या दशकापासून कृत्रिम हिमनद्या रचण्यास आरंभ केला. हिवाळ्यात फुकट वाहून जाणारे पाणी सावलीतल्या उतारावर बांध घालून संथ करावयाचे, म्हणजे ते तेथेच थराथराने गोठते. आणि ही जागा गावाजवळ, कमी उंचीवर असल्यामुळे बर्फ पेरणीच्या वेळी वितळते. या कामासाठी त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी त्यापुढे जाऊन बर्फाचे स्तूप उभारले. वरच्या बाजूचे पाणी नळीने खाली आणले की उंचीच्या दाबाने ते कारंज्यासारखे उडते, थंडीत गोठते, आणि शंकूच्या आकाराचा मनोरा तयार होतो. सपाट पसरलेल्या बर्फापेक्षा शंकूचा पृष्ठभाग त्यातील बर्फाच्या मानाने थोडा, म्हणून ऊन कमी लागते आणि बर्फ अधिक काळ टिकते. भूमितीचा असा उपयोग पाहून कोणत्याही गणितशिक्षकाला धन्यता वाटेल.

घरांच्या बाबतीतही जुन्या-नव्याचा मेळ घालण्याचे प्रयत्न आहेत. वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली स्थापिलेल्या शिक्षणसंस्थेच्या फे गावच्या इमारती मातीच्या असून दक्षिणाभिमुख आहेत, आणि त्या मुख्यतः सूर्याच्या उष्णतेवर ऊबदार राहतात. काचेमागे काळसर जाड भिंत उभारून तिच्यात दिवसाचे ऊन साठविण्याची युक्ती फ्रान्समध्ये फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. लडाखच्या उन्हाला ती उत्तम मानवते. छपराला थोडा उतार व पाणी न झिरपणारा थर, आणि भिंती मात्र मातीच्या, असे घर बांधले तर पाऊस आणि थंडी या दोहोंचा बंदोबस्त होतो.

आता राहिला आपला प्रश्न. लडाख प्रवाशांना खुले झाले १९७४ साली. २०२२ या एका वर्षात तेथे पाच लाखांहून अधिक प्रवासी गेले, म्हणजे तेथील वस्तीच्या जवळजवळ दुप्पट! त्यांत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. लडाखी घरातील पारंपरिक शौचकूप कोरडे असतात. त्यांत माती व राख टाकतात, आणि कालांतराने शेताला खत मिळते. पाण्याचा एक थेंबही खर्च होत नाही. आपल्याला मात्र घाटकोपरच्या सदनिकेतील सारी सोय ३,५०० मीटरांवर पाहिजे असते. साखळी ओढताच धो धो पाणी, सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याचे फवारे. हे पाणी उपाहारगृहांचे मालक जमिनीत कूपनलिका खणून काढतात, आणि ज्या झऱ्यांवर गावाने भरवसा ठेवावयाचा त्यांच्याच मुळाशी हा उपसा चालतो. आपले चार दिवसांचे सुख अशा रीतीने दुसऱ्याच्या बारमाही सुखातून वजा होते.

यासाठी जाऊच नये असे मी म्हणत नाही. प्रवाशांवर तेथील पुष्कळांचा चरितार्थ चालतो. परंतु जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावी. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी. विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला तेवढा अवधी लागतो. पाणी पिताना हात आखडू नये, वापरताना मात्र जरूर आखडावा. मातीच्या घरातील कुटुंबात उतरण्याची सोय असेल तर ती पसंत करावी. खोलीही ऊबदार मिळते आणि चार पैसे योग्य हाती पडतात. आणि परत आल्यावर एक विचार करावा. उन्हाळ्यात आपण खोली गार करण्यासाठी जी यंत्रे चालवितो, ती आतील उष्णता बाहेरच्या रस्त्यावर ओततात, आणि त्यांना लागणारी वीज अजून बव्हंशी कोळसा जाळून निघते. त्या धुराचा हिशेब जसा टेकडीच्या उतारावर पत्र्याखाली राहणाऱ्या आपल्या शेजाऱ्याच्या खात्यावर चढतो, तसाच तो झंस्करच्या शेतकऱ्याच्याही खात्यावर चढतो. लडाखच्या पावणेतीन लाख माणसांनी पृथ्वी तापविली, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

हिंदुकुश-हिमालयासंबंधी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष असा आहे की, सर्व जगाची तापमानवाढ दीड अंशावर थोपविण्यात यश आले, तरीही या पर्वतराजीतील हिमनद्यांच्या बर्फाचा सुमारे एकतृतीयांश भाग या शतकाच्या अखेरीपर्यंत नष्ट होईल. उरलेले दोनतृतीयांश राखणे अद्यापि मनुष्याच्या हाती आहे. थंडी थोडी कमी होणे म्हणजे सुख वाढणे, या सोप्या समजुतीवर विसंबून राहिलो तर ते हातचे जाईल. ज्यांच्या घरी येत्या उन्हाळ्यासाठी लेहची तिकिटे येऊन पडली असतील, त्यांनी तेथील लोकांना त्यांच्या पाटाला यंदा पाणी केव्हा आले, एवढे अवश्य विचारावे. त्या एका उत्तरात, मी आज जे सांगण्याचा प्रयत्न केला, ते सारे त्यांना अधिक चांगल्या रीतीने ऐकावयास मिळेल.